मेणाची किल्ली

नागझिऱ्यात थंडीतल्या पहाटे जंगलात शिरणाऱ्या जिप्सीचा तापमानदर्शक काटा पहा. बराच वेळ तो वर चढलाच नाही, तर थर्मोस्टॅट उघडा अडकला असण्याचा संभव असतो. या झडपेत मेण भरलेली छोटी डबी असते. सुमारे ८२° सें. ला मेण वितळून फुगते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. तोवर ते इंजिनातच फिरते. काही जण झडप काढूनच टाकतात. मग इंजिन गारच राहते, पेट्रोल जास्त जळते. ती बंद अडकली तर मात्र पाणी उकळते!

इंजिन पूर्ण निवल्यावरच झडप बदलतात. नवी झडप आधी दोरीने पातेल्यातल्या पाण्यात टांगून पाणी तापवा. ती किती अंशांवर उघडते ते तापमापीवर दिसेल. तळाला टेकू देऊ नका, तो पाण्याहून अधिक तापलेला असतो.