शेवटच्या युनिटचा हिशेब

साक्रीच्या बाजारपेठेत वीजबिलाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘शंभराच्या वर एक युनिट गेले, म्हणून सगळे बिल वरच्या दराने लागले.’ हा समज जवळपास प्रत्येक घरात आहे आणि तो चुकीचा आहे. त्याच्या पोटी लोक नको तिथे घाबरतात आणि जिथे खरेच पैसे जातात तिकडे पाहत नाहीत. महावितरणचे घरगुती दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो, आणि ते टप्प्याटप्प्याने चढतात: पहिली शंभर युनिटे, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत आणि त्यापुढे. प्रत्येक टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. म्हणून माझे म्हणणे असे, की विजेबद्दलचा आणि गॅसबद्दलचाही कोणताही निर्णय बिलाला युनिटांनी भागून काढलेल्या सरासरीवर घेऊ नये. महिन्याचे शेवटचे युनिट कितीला पडते, ते पाहून घ्यावा.

2024-25 या आर्थिक वर्षातले दर घेऊन हे पाहता येते. आकडे दर काही महिन्यांनी हलतात, रचना तीच राहते. त्या वर्षी वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या शंभर युनिटांना 5 रुपये 88 पैसे आणि पुढच्या दोनशेंना 11 रुपये 46 पैसे दर होता. वहन आकार म्हणजे तारा, खांब, रोहित्रे यांतून वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च. सिंगल फेजच्या घराला महिन्याला 128 रुपये स्थिर आकार होता, आणि या सगळ्यावर राज्य सरकारचे 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार कधी वाढतो, कधी उतरतो, म्हणून तो इथे धरलेला नाही. या हिशेबाने शंभर युनिटांचे बिल सुमारे 831 रुपये होते आणि एकशे एक युनिटांचे 844 रुपये. ते एक जादा युनिट सव्वातेरा रुपयांना पडले, पण आधीच्या शंभरांना त्याने हात लावला नाही. आता एकशे वीस युनिटांचे बिल काढा. ते 1,096 रुपये येते. युनिटे वीसच वाढली, पण बिलाचा जवळजवळ पाव भाग त्या विसांचाच आहे. घरात काटकसर करायची तर ती या विसांत करावी. बंद घरालाही स्थिर आकार आणि त्यावरचे शुल्क मिळून जवळपास दीडशे रुपये येतात, ते दिवे मालवून वाचत नाहीत.

खान्देशच्या उन्हाळ्यात हीच वीस युनिटे साठ होतात. दीडशे वॅटचा कूलर रोज दहा तास चालला तर महिन्याला 45 युनिटे घेतो, आणि ती बहुतेक घरांत शंभराच्या वरच पडतात. जुना पंखा 75 वॅटचा असतो, नवा बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास. रोज बारा तास वापर धरला तर महिन्याला सोळा युनिटे वाचतात. शंभराच्या आत राहणाऱ्या घरात त्यांची किंमत एकशे दहा रुपये होते, दोनशे युनिटे जाळणाऱ्या घरात दोनशे पंधरा. पंखा तोच, पण एका घरात त्याचे पैसे दुप्पट वेगाने वसूल होतात. छतावरच्या सौर पॅनेलचेही तसेच. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला 78 हजार रुपये अनुदान मिळते, पण त्याचा खरा लाभ वरच्या टप्प्यातले युनिट कमी होणाऱ्या घराला आहे. नव्वद युनिटांच्या घराने कर्ज काढून ते बसवण्याआधी कागदावर गणित मांडावे.

गॅसला टप्पे नाहीत. 14.2 किलोच्या सिलिंडरची किंमत तेल कंपन्या महिन्याच्या सुरुवातीला आंतरराष्ट्रीय भाव आणि डॉलरचा दर पाहून जाहीर करतात, वाहतुकीनुसार ती गावोगावी थोडी वेगळी असते, आणि घरपोच पोहोचवण्याचा खर्च त्यातच धरलेला असतो. एप्रिल 2025 मध्ये पन्नास रुपयांच्या वाढीनंतर मुंबईत ती 852 रुपये 50 पैसे होती. गॅस सोडून इंडक्शन घ्यावे का, हा प्रश्न आता पुष्कळ घरांत विचारला जातो. एका सिलिंडरात साधारण 180 युनिटांइतकी उष्णता असते. शेगडीवर त्यातली दोन तृतीयांशाच्या आसपास भांड्यात जाते. इंडक्शनची कार्यक्षमता अधिक असते, त्यामुळे तेवढ्याच स्वयंपाकाला 140 च्या आसपास युनिटे लागतात. ती खालच्या टप्प्याच्या दराने साडेनऊशे रुपयांना पडतील, वरच्या टप्प्यात साडेअठराशेंच्या पुढे जातील. आणि जे घर आधीच ऐंशी-नव्वद युनिटे वापरते, त्याची यांतली बहुतेक युनिटे वरच्याच टप्प्यात जाणार. म्हणून साक्रीसारख्या गावात या दरांनी स्वयंपाक गॅसवरच परवडतो. उज्ज्वला योजनेचे तीनशे रुपये अनुदान मिळत असेल, तर प्रश्नच उरत नाही.

इथे एक रास्त हरकत येते. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या आमच्या, शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आमच्या तालुक्यात, मग वीज आम्हाला स्वस्त का नाही? कारण ती वीज करारांनुसार राज्याच्या जाळ्यात जाते, आणि महावितरणच्या घरगुती ग्राहकाचा दर राज्यभर एकच असतो. याचा तोटा जसा दिसतो तसा फायदा दिसत नाही. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या एकेका पाड्यापर्यंत तार ओढण्याचा खरा खर्च तिथल्या बिलात घातला, तर तो दर पुण्यापेक्षा कितीतरी वर जाईल. समान दराने साक्रीचे नुकसान होते, हे मला पटत नाही.

दुसरी हरकत मात्र मला पूर्ण मान्य आहे. चढता दर कमी वापरणाऱ्याला सांभाळतो असे म्हणतात, पण टप्पे मीटर मोजतात, माणसे मोजत नाहीत. एका मीटरवर आठ-दहा माणसांचे एकत्र कुटुंब दोनशे युनिटे वापरते, तेव्हा त्याचे बिल 2,160 रुपये होते. तीच युनिटे दोन मीटरांवर निम्मी-निम्मी पडली, तर दोन स्थिर आकार भरूनही 1,661 रुपये. दरमहा पाचशे रुपयांचा हा फरक एकत्र राहण्याची शिक्षा आहे, आणि ती एकत्र कुटुंबाच्या प्रदेशाला जास्त बसते. रेशनकार्डावर माणसांची संख्या नोंदलेली असताना टप्प्यांची मर्यादा तिच्याशी जोडणे अशक्य नाही.

बिल हातात आले की आधी ते किती दिवसांचे आहे ते पाहावे. टाळेबंदीत 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत मीटरचे वाचन झाले नाही आणि जूनमध्ये साचलेल्या वापराचे बिल एकदम आले, तेव्हा राज्यभर ओरड झाली. बिलाची रक्कम मोठी होती, पण टप्प्यांच्या मर्यादाही तेवढ्या महिन्यांनी वाढवून द्यायच्या असतात, हे फार थोड्यांना ठाऊक होते. आजही वाचन उशिरा झाले, तर दिवसांच्या प्रमाणात वाढलेली मर्यादा हा ग्राहकाचा हक्क आहे. ती दिली नसेल तर आधी महावितरणच्या कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, तिथे न्याय मिळाला नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे. आणि दर ठरवण्यापूर्वी आयोग जनतेकडून हरकती मागवतो. एकत्र कुटुंबांवरच्या या अन्यायाची हरकत पुढच्या वेळी साक्री, पिंपळनेर, निजामपूरच्या ग्राहकांनी लेखी नोंदवावी.