पिल्लाच्या पोटातली पहिली वस्ती

हंसाचे पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याचे वजन साधारण १०० ग्रॅम भरते आणि आतडे जवळजवळ रिकामे असते. रिकामे म्हणजे अन्नापुरते नव्हे, जिवाणूंनीही रिकामे. आई अंड्यावर बसली असेल तर ही पोकळी फार वेळ राहत नाही. पिल्लू एक-दोन दिवसांतच आईमागे चालू लागते, तिच्या पिसांत शिरते, तिच्या विष्ठेने माखलेल्या गवतात चोच घालते आणि पहिल्याच आठवड्यात एका प्रौढ, निरोगी पक्ष्याच्या पोटातले जिवाणू त्याच्या पोटात वस्तीला येतात.

हॅचरीतल्या पिल्लाला हे मिळत नाही. अंडी गोळा होतात, धुरी देऊन निर्जंतुक होतात, महिनाभर यंत्रात उबवली जातात. पिल्ले प्लास्टिकच्या क्रेटमधून थेट ऊब देणाऱ्या ब्रूडरखाली जातात. आपली आई त्यांनी पाहिलेलीच नसते. अशा पिल्लाच्या आतड्यात पहिला कोण शिरेल, हे ब्रूडरच्या तुसावर, पाण्याच्या भांड्यावर आणि मजुराच्या बुटांवर ठरते. हंसांच्या खाद्यात प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत उपकारक जिवाणू, मिसळण्याच्या साऱ्या खटाटोपाकडे मी या बाजूने पाहतो. वजनवाढीच्या जाहिराती नंतर. यंत्राने आईकडून जे काढून घेतले त्यातले थोडे तरी पिल्लाला परत देता येते का, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे पहिले ठोस उत्तर फिनलंडमधून आले, तेही कोंबड्यांवरच्या प्रयोगातून. १९७१ साली तिथल्या ब्रॉयलर कोंबड्यांत साल्मोनेला इन्फँटिस या जिवाणूचा मोठा फैलाव झाला. एस्को नुर्मी आणि त्यांचे सहकारी रांताला यांनी निरोगी प्रौढ कोंबड्यांच्या आतड्यातला ऐवज घेतला, तो नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला आणि मग त्या पिल्लांना साल्मोनेला दिला. बहुतेक पिल्लांत तो टिकलाच नाही. १९७३ साली ‘नेचर’मध्ये हे काम छापून आले. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसे आधी पोहोचलेले जिवाणू आतड्याच्या भिंतीवरच्या जागा धरतात, तिथले अन्न खातात, आम्ल सोडतात आणि मागून येणाऱ्या रोगजंतूला उभे राहायला जागा उरत नाही. यात वेळेला सगळे महत्त्व आहे. साल्मोनेला आधी बसला, तर मागून कितीही चांगले जिवाणू पाजा, त्याला उठवणे अवघड.

पण पशुखाद्याच्या धंद्याने तेव्हा हा रस्ता धरला नाही, कारण त्याच्या हाती सोपा उपाय होता. १९४९-५० च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स यांच्या लक्षात आले की ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाच्या उत्पादनात उरलेला चोथा खाल्लेली पिल्ले नुसत्या बी-१२ जीवनसत्त्वावर वाढवलेल्या पिल्लांपेक्षा जास्त वाढतात. त्या चोथ्यात प्रतिजैविकाचा अंश होता. पुढची पन्नासेक वर्षे जगभरच्या खाद्यात प्रतिजैविके चिमूट-चिमूट पडत राहिली, आजारी पक्ष्यांसाठी नव्हे, धडधाकट पक्षी लवकर भरावेत म्हणून. यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात, अशी धोक्याची घंटा १९६९ साली ब्रिटनमध्ये स्वान समितीने वाजवली. स्वीडनने १९८६ साली वाढीसाठीची प्रतिजैविके बंद केली. संपूर्ण युरोपीय संघाला त्यासाठी १ जानेवारी २००६ उजाडावा लागला.

हंसांपुरता मात्र निर्णायक देश चीन. जगातल्या हंसमांसापैकी ९० टक्क्यांहून अधिक एकटा चीन पिकवतो. ग्वांगडाँगचा भाजलेला हंस, छाओशान भागातला मसाल्यात शिजवलेला सिंहमुखी हंस (याचा नर दहा किलोच्या पुढे जातो), यांगचौचा खारवलेला हंस हे तिथले रोजच्या जेवणातले पदार्थ. आणि याच ग्वांगडाँग प्रांतातल्या ग्वांगचौ शहरात, दक्षिण चीन कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये एमसीआर-१ या जनुकाची बातमी जगाला दिली. कोलिस्टिन हे माणसाच्या उपचारातले अगदी शेवटी बाहेर काढायचे औषध. ते निष्प्रभ करणारे हे जनुक एका डुकरातल्या ई. कोलाय जिवाणूत सापडले आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे निघाले. २०१७ साली चीनने वाढीसाठी खाद्यात कोलिस्टिन घालणे थांबवले. १ जुलै २०२० पासून तिथल्या फीड मिलना वाढीसाठी प्रतिजैविके घातलेले खाद्य बनवायला बंदी झाली. वनौषधींना तेवढी सूट मिळाली. प्रोबायोटिकची मागणी वाढण्यामागे ही बंदी आहे.

दुसऱ्या बदलाबद्दल कमी बोलले जाते, पण मला तो तेवढाच मोठा वाटतो. चीनचा हंस पिढ्यान्‌पिढ्या तळ्याकाठी, कालव्यात, कापणी झालेल्या भातखाचरात चरत आला. पशुपालनातून होणाऱ्या प्रदूषणावरचा कायदा तिथे २०१४ पासून लागू झाला, नद्या-तळ्यांवरचे निर्बंध वाढत गेले आणि कळप पाण्यावरून उचलून शेडमध्ये, जमिनीपासून उंच ताणलेल्या जाळीवर आले. विष्ठा जाळीखाली पडते, पक्षी कोरडा राहतो, हे चांगलेच. पण गवत, चिखल, पाणी आणि त्यांतून पोटात जाणारे सगळे जिवाणूही सुटले. उरले मका-सोयाबीनचे पेलेट.

हंस हा कोंबडीसारखा दाणे टिपणारा पक्षी नाही. तो चरणारा आहे. चोचीच्या कडेला करवतीसारखे दाते, त्यांनी तो गवत कातरतो. दळणारे जठर, म्हणजे गिझार्ड, कोंबडीच्या मानाने कितीतरी जोरदार: कोंबडीच्या गिझार्डमधला दाब १०० ते १५० मिलिमीटर पाऱ्याइतका, हंसाचा २६५ ते २८० इतका मोजला गेला आहे. त्या दाबाने गवताच्या पेशी फुटून रस बाहेर येतो, तो शोषला जातो आणि बाकीचे झपाट्याने पुढे सरकते. चरणारे रानहंस दर चार-पाच मिनिटांनी विष्ठा टाकतात. मात्र लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर दोन लांब बंद पिशव्या फुटलेल्या असतात, त्यांना सिकम म्हणतात. अन्नातला बारीक, विरघळणारा भाग तिथे शिरतो, थांबतो, आंबतो. तंतूंतला काही हिस्सा जिवाणू फोडतात आणि त्यांतून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी लहान आम्ले तयार होतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या पेशींचे स्वतःचे इंधन. ते पुरेसे मिळाले तर आतड्याचे अस्तर घट्ट राहते, अन्नरस शोषणारे बोटांसारखे उंचवटे उंच राहतात.

म्हणून हंसाला जिवाणू द्यायचे तर त्यांना चघळायला तंतूही द्यावे लागतात. च्यांगसू आणि सिचुआनमध्ये भाताच्या खाचरात हिवाळ्यात रायग्रास पेरून ते हंसांना कापून घालण्याची पद्धत आहे. भाताचा पेंढा, दारूच्या भट्टीतला चोथा लॅक्टिक जिवाणू आणि यीस्ट घालून आंबवून देतात. पोलंडमधला कोवुदा जातीचा पांढरा हंस कुरणावर वाढतो आणि कापण्याआधीचे तीन आठवडे सालासकट अख्ख्या ओटवर ठेवला जातो. ११ नोव्हेंबरच्या सेंट मार्टिनच्या सणाला जर्मनीत विकल्या जाणाऱ्या हंसांत या पोलिश हंसांचा मोठा वाटा असतो. तंतूंशिवाय नुसती जिवाणूंची पुडी म्हणजे अर्धा उपचार.

पुडीत काय असते ते आता जवळून पाहू. मुख्य गट तीन. पहिला लॅक्टोबॅसिलसचा, दह्याच्याच कुळातला. लॅक्टिक आम्ल सोडून आतड्याची आम्लता वाढवतो आणि ई. कोलाय, साल्मोनेला यांची पंचाईत करतो. दुसरा बॅसिलसचा, त्यातही बॅसिलस सबटिलिस. हा कठीण कवचाच्या बीजाणूच्या रूपात झोपून राहतो, आतड्याच्या वरच्या भागात जागा होतो, पिष्ट आणि प्रथिने फोडणारी विकरे सोडतो. तो तिथे कायमचा घर करत नाही, काही दिवसांत बाहेर पडतो. म्हणून रोज द्यावा लागतो. तिसरा क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम. १९३३ साली जपानच्या चिबा येथे मियाइरी यांनी तो वेगळा केला, आणि त्यांच्या नावाचा वाण आजही माणसाच्या औषधात आणि पशुखाद्यात वापरला जातो. आतडे सडवणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स याच कुळातला, आणि त्याच आतड्यात हा ब्युटिरेट तयार करतो. प्रजातीचे नाव पुरत नाही, नेमका वाण कोणता हे का विचारावे, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

पुडी चांगली असूनही ती फुकट घालवण्याच्या जागा दोन. पेलेट बनवताना वाफेने दळलेले खाद्य ८० अंशांच्या आसपास तापते. त्यात बॅसिलसचा बीजाणू टिकतो, लॅक्टोबॅसिलस मरतो. म्हणून लॅक्टोबॅसिलस एक तर पेलेट थंड झाल्यावर फवारावा लागतो किंवा पाण्यातून द्यावा लागतो. आणि पाण्यातून द्यायचा तर पाणी क्लोरिनचे नको, हे अनेकदा कुणाच्या लक्षात राहत नाही: सकाळी टाकीत ब्लीचिंग पावडर आणि दुपारी त्याच टाकीत प्रोबायोटिक, असा प्रकार घडतो. मात्रा सहसा किलोभर खाद्यात दहा कोटी ते शंभर कोटी जिवंत जिवाणू अशी असते. ‘जिवंत’ हा शब्द महत्त्वाचा. कारखान्यातून निघताना किती होते याला अर्थ नाही, पिल्लाच्या चोचीपर्यंत किती पोहोचले ते पाहायचे.

वजन वाढते का? यांगचौ जातीचा हंस चांगल्या सांभाळात ७० दिवसांत साडेतीन किलोच्या आसपास जातो. प्रोबायोटिकने त्यात पडणारी भर थोडी असते आणि ती दरवेळी पडतेच असे नाही. स्वच्छ शेडमध्ये, उत्तम खाद्यावरच्या निरोगी कळपात फरक दिसेनासा होतो. गर्दीच्या, ओल्या शेडमध्ये तो ठळक दिसतो. प्रतिजैविकांचेही असेच होते. म्हणजे ज्याला आपण वाढ म्हणतो ती बहुतांशी रोगजंतूंमुळे होणारे नुकसान टळल्याची नोंद आहे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हगवण कमी होणे, मरतुक कमी होणे, कळप एकसारखा वाढणे हा प्रोबायोटिकचा खरा लाभ आहे आणि तेवढ्यासाठी ते द्यावे असे माझे मत आहे.

त्याच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट सांगायला हव्यात. गेल्या दशकात चीनमध्ये पिल्लांना होणारा गाऊट पसरला. पहिल्या तीन आठवड्यांतली पिल्ले मरतात आणि चिरून पाहिले तर हृदयावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा युरेटचा पांढरा थर दिसतो. कारण आहे हंसांचा ॲस्ट्रोव्हायरस. त्याला किंवा हंसांच्या पार्व्होव्हायरसला प्रोबायोटिक थोपवू शकत नाही. तिथे स्वच्छता, लसीकरण आणि रोगमुक्त मातृकळप हेच उपाय आहेत.

हंसाच्या वाट्याला आलेला आणखी एक अन्याय कागदोपत्री आहे. युरोपीय संघात खाद्यातल्या प्रत्येक वाणाला स्वतंत्र परवानगी लागते, आणि ती कोणत्या पक्ष्यासाठी हेही ठरवून दिलेले असते. हंस तिथे ‘गौण कुक्कुट प्रजाती’ या गटात पडतो. कोंबडी किंवा टर्कीवर वाण पसंतीस उतरला की त्याच माहितीवरून तो गौण प्रजातींनाही लागू करता येतो. सुरक्षिततेपुरते हे ठीक आहे. पण कमी तंतूंच्या खाद्यावर ४० दिवसांत विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलरचा निष्कर्ष, लांब सिकमच्या, गवत चरणाऱ्या, दुप्पट काळ वाढणाऱ्या हंसाला जसाच्या तसा लावणे मला पटत नाही. हंसावरचे प्रयोग चीनमध्ये होत आहेत, ते वाढायला हवेत, आणि पिंजऱ्याऐवजी खऱ्या शेडमध्ये व्हायला हवेत.

आपल्याकडे हंस फार्महाऊसवर राखणीला आणि शोभेला पाळतात, त्यांचा धंदा नाही. पण प्रतिजैविकांचा प्रश्न आपलाही आहे: भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केले. त्यानंतर कोंबड्या-बदकांसाठी प्रोबायोटिकच्या पुड्या घेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. पुडीवर वाणाचा पूर्ण क्रमांक, मुदत संपेपर्यंत टिकणारी जिवंत जिवाणूंची संख्या आणि साठवणुकीचे तापमान या तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात. त्यांतली एक जरी नसली, तर ती पुडी विकत घेऊ नका.