पिवळ्या हातांच्या मुली

१९१६ साली इंग्लंडमधल्या एखाद्या औद्योगिक शहरात ट्राममध्ये तरुण मुलगी चढली, की ती कुठे काम करते हे काही वेळा विचारावे लागत नसे. हात, मनगटे आणि चेहरा हळद लावल्यासारखा पिवळा, टोपीखालून बाहेर आलेल्या बटा तांबूस-नारिंगी. अंघोळ करून, घासूनही रंग जात नसे. रात्री झोपलेल्या उशीवर, चादरीवर सकाळी पिवळे डाग दिसत. लोकांनी या मुलींना नाव ठेवले होते ‘कॅनरी गर्ल्स’, पिवळ्या कॅनरी पक्ष्यावरून. थट्टाही होती त्यात, थोडे कौतुकही होते. आपल्याकडे अंगाला हळद लागलेली मुलगी म्हणजे लग्नघर. या मुलींच्या अंगावरचा रंग ट्रायनायट्रोटोल्युईनचा, म्हणजे टीएनटी या स्फोटकाचा होता.

किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजी ऐतिहासिक कादंबऱ्यांत या मुली अधूनमधून भेटतात. थेरेसा ब्रेस्लिन यांच्या ‘रिमेम्ब्रन्स’ (२००२) या कादंबरीत स्कॉटलंडमधल्या खेड्यातली मॅगी पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जाते. जेनिफर शियाव्हेरिनी यांच्या २०२३ च्या कादंबरीचे नावच ‘कॅनरी गर्ल्स’ आहे, ती मात्र प्रौढांसाठी. मेगन ब्रायंट यांच्या ‘ग्लो’ (२०१७) मध्ये अमेरिकेतल्या, घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकता रंग देणाऱ्या मुली आहेत. अशी पुस्तके घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात पडली तर चांगलेच. पण वाचून झाल्यावर ती विचारेल, ‘हे खरेच असे झाले होते का? त्या पिवळ्या का पडत?’ त्याचे उत्तर वैद्यकाकडे आहे आणि ते कादंबरीइतकेच वाचण्यासारखे आहे.

१९१५ च्या वसंतात ब्रिटिश सैन्याला तोफगोळे कमी पडू लागले. त्यावरून सरकार हादरले, दारूगोळ्याचे स्वतंत्र मंत्रालय निघाले आणि लॉइड जॉर्ज त्याचे मंत्री झाले. पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून कारखान्यांची दारे स्त्रियांना उघडली. युद्ध संपेपर्यंत या उद्योगात नऊ लाखांच्या आसपास स्त्रिया होत्या. त्यातल्या कित्येकजणी आधी मोठ्या घरांत धुणीभांडी, झाडलोट करत. कारखान्यातला पगार त्याहून बराच जास्त होता, पुरुषांपेक्षा मात्र कमीच. वय वाढवून सांगून कामाला लागलेल्या मुलीही होत्या. देशप्रेम होते यात शंका नाही, पण हातात आलेला स्वतःचा पैसा हे कारणही तितकेच खरे होते. चांगल्या कादंबऱ्या ते लपवत नाहीत.

टीएनटीची जन्मकथा विचित्र आहे. १८६३ मध्ये युलियस विल्ब्रांट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तो पहिल्यांदा तयार केला तेव्हा उद्देश होता पिवळा रंग मिळवण्याचा. तो पटकन पेट घेत नाही, वितळवून साच्यात ओतता येतो, त्यामुळे तो स्फोटक म्हणून वापरता येईल हे कळायला बरीच वर्षे गेली. हाताळायला सुरक्षित, हाच त्याचा लौकिक झाला. तोफगोळा हाताळणाऱ्यापुरते ते खरेही होते. गोळ्यात तो भरणाऱ्या बाईच्या यकृतापुरते मात्र नव्हते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तेव्हाच्या डॉक्टरांचाही तिथे गोंधळ झाला आणि कादंबऱ्यांत तर तो हमखास होतो. कातडी पिवळी होणे आणि कावीळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीएनटीची भुकटी कातडीवर बसली की ती रंगते, जशी हळद कुटणाऱ्याची बोटे रंगतात. काम सोडल्यावर हा रंग हळूहळू उतरतो. कावीळ आतून येते. यकृत बिघडले की बिलिरुबिन हे रंगद्रव्य रक्तात साचते आणि आधी डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो. म्हणून कावीळ पाहताना डॉक्टर रुग्णाला खिडकीजवळ नेऊन खालची पापणी ओढतात. गाजर, पपई, भोपळा महिनोन् महिने भरपूर खाल्ल्यानेही तळहात पिवळे दिसतात, पण डोळे पांढरेच राहतात. सगळीच कातडी पिवळी असलेल्या कारखान्यात खरी कावीळ झालेली मुलगी ओळखायची, तर तिच्या डोळ्यांतच पाहावे लागे.

आणि खरी कावीळ होत होती. टीएनटी शरीरात गेल्यावर तीन ठिकाणी घाव घालतो. पहिला रक्तातल्या हिमोग्लोबिनवर. त्याचे मेथहिमोग्लोबिनमध्ये रूपांतर होते, ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, ओठ आणि नखे निळसर-करडी दिसू लागतात आणि जिना चढताना धाप लागते. दुसरा यकृतावर. काहींच्या यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरतात आणि यकृत आक्रसून जाते. तिसरा अस्थिमज्जेवर, म्हणजे जिथे रक्त तयार होते तिथे. ती सुकली तर नव्या रक्तपेशी बनत नाहीत. मग रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि बहुधा मृत्यू. शंभर वर्षांपूर्वी यातल्या शेवटच्या दोहोंवर उपाय जवळपास नव्हताच. त्यातही सगळ्यांना सारखा त्रास होत नसे. शेजारी शेजारी उभ्या राहून एकच काम करणाऱ्या दोघींपैकी एक वर्षभर नुसती पिवळी राही, तर दुसरी काही आठवड्यांत गंभीर आजारी पडे. ही असमानता कारखान्याच्या व्यवस्थापनाला फार सोयीची होती. ‘बाकीच्या ठीक आहेत, मग हिलाच कसे झाले?’ हा प्रश्न नोकरीच्या ठिकाणी आजारी पडलेल्या माणसाला आजही ऐकावा लागतो.

१२ ऑगस्ट १९१६ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक लेख छापून आला. लिहिणाऱ्या दोघी डॉक्टर होत्या: ॲग्नेस लिव्हिंगस्टन-लर्मंथ आणि बार्बरा मार्टिन कनिंगहॅम. टीएनटीच्या कामावरच्या स्त्रियांना त्या स्वतः तपासत होत्या. त्यांनी लक्षणांचे दोन गट पाडले. एक, नुसत्या चुरचुरण्याचा, म्हणजे घसा कोरडा पडणे, खोकला, छाती आवळल्यासारखी वाटणे, पोटात जळजळ, मळमळ, अंगावर पुरळ. दुसरा, विषबाधेचा. त्यात कावीळ, आणि पुढे गुंगी, विस्मरण, बडबड, बेशुद्धी. वाचताना जाणवते, की त्यांनी मुलींना नुसते तपासले नव्हते, बसवून विचारले होते. ‘तोंड कडू पडते’, ‘जेवण नको वाटते’ या तक्रारी रोजच्या ओपीडीत इतक्या ऐकू येतात, की कानाला त्यांची सवय होऊन जाते. या दोघींनी त्या लिहून ठेवल्या आणि त्यांचा नमुना ओळखला.

त्याच वर्षापासून विषबाधेने होणारी कावीळ कळवणे ब्रिटनमध्ये बंधनकारक झाले होते. त्या नोंदी अशा: १९१६ मध्ये १८१ रुग्ण, ५२ मृत्यू, १९१७ मध्ये १८९ रुग्ण, ४४ मृत्यू, १९१८ मध्ये ३४ रुग्ण, १० मृत्यू. हे फक्त कळवलेले आकडे, आणि तेही फक्त कावीळ झालेल्यांचे. घरी जाऊन पुढे काही महिन्यांनी रक्तक्षयाने गेलेल्या मुलीची नोंद या रकान्यात येण्याची शक्यता कमीच.

१९१८ चा आकडा इतका खाली कसा आला? उत्तराचा मोठा भाग बेंजामिन मूर यांच्या कामात आहे. तोवर समज असा होता, की विष मुख्यतः धूळ आणि वाफ श्वासात गेल्याने भिनते. मूर यांनी १९१७ च्या अहवालात दाखवले, की मुख्य वाट कातडीची आहे. घामाने ओल्या, गरम झालेल्या कातडीतून टीएनटी सहज आत जातो. म्हणजे तोंडाला फडके बांधून हात उघडे ठेवणे हा उपाय उलटाच होता, आणि आतून मळलेला हातमोजा तर विष हाताला दाबून धरणारी पट्टीच. यातून भर यंत्रांवर गेला, माणसाचा हात जितका दूर ठेवता येईल तितका ठेवण्यावर गेला. धुण्याची सोय, कामाचे वेगळे कपडे, ठरावीक दिवसांनी टीएनटीच्या कामावरून बदली आणि डॉक्टरची नियमित तपासणी हेही होतेच.

दुधाची गोष्ट मात्र वेगळी. दूध विष मारते अशी तेव्हा समजूत होती. लीड्सजवळच्या बार्नबो इथल्या कारखान्याने तर स्वतःचा गोठा ठेवला होता, १२० गायींचा. मुलींना दूध आणि बार्लीचे पाणी मिळे. अर्धपोटी आलेल्या मुलीला दूध मिळाले हे चांगलेच झाले, पण टीएनटीवर दुधाचा काही इलाज चालत नाही. आपल्याकडे सिमेंटच्या, कोळशाच्या, कापसाच्या धुळीत काम करणाऱ्यांना गूळ देण्याची पद्धत याच जातीची. गुळाने छातीतली धूळ निघत नाही. तो खायला हरकत नाही, फक्त धूळ खेचणाऱ्या पंख्याच्या जागी तो येऊ नये.

त्याच बार्नबोमध्ये ५ डिसेंबर १९१६ च्या रात्री, रात्रपाळी नुकतीच सुरू झाली असताना, ४२ क्रमांकाच्या खोलीत तोफगोळा फुटला. ३५ स्त्रिया ठार झाल्या. काहींची ओळख गळ्यातल्या बिल्ल्यावरूनच पटली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असल्याने बातमी आली नाही, काम लगेच पुन्हा सुरू झाले आणि त्याच खोलीत काम करायला मुली पुढे आल्या. पुढच्या महिन्यात लंडनच्या सिल्व्हरटाउनमध्ये टीएनटीच्या स्फोटात ७३ जण गेले, १ जुलै १९१८ ला चिलवेलमध्ये १३४. कादंबरीकाराला स्फोट सोयीचा, एका प्रकरणात बसतो. यकृत महिनाभर खराब होत जाते, रोज थोडे थोडे, आणि त्या महिन्यात सांगण्यासारखे काहीच घडत नाही. मुलगी दमते, डबा परत आणते, बस. हे कंटाळवाणे दिवस ज्या लेखिकेला लिहिता आले तिचे पुस्तक जास्त खरे मानावे.

रेडियमच्या मुलींवर टीएनटीपेक्षा कितीतरी जास्त लिहिले गेले, यामागेही कदाचित हेच असेल. अंधारात चमकणारी मुलगी लगेच डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांची कथा थोडक्यात अशी, की सैनिकांच्या घड्याळांसाठी काम करताना ब्रशला टोक यावे म्हणून त्या तो ओठांत धरत. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते, हाडांत जाऊन बसते. आधी दात गेले, मग जबडे कुजले. न्यू जर्सीतल्या पाचजणींचा खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला. त्यांच्यामुळे कायदे बदलले. पिवळ्या मुलींच्या वाट्याला असा गाजलेला खटला आला नाही.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत टीएनटीविषयी पुरेशी माहिती झाली होती. तरीही अमेरिकेत १९४१ ते १९४५ या काळात त्याच्या विषबाधेने २२ मृत्यू नोंदले गेले. त्यात यकृतापेक्षा अस्थिमज्जा सुकून गेलेले अधिक होते. पुढे आणखी एक धागा हाती आला. ज्यांच्या रक्तात जन्मतः जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी टीएनटीच्या संपर्कात आल्यावर भराभर फुटू शकतात. ‘हिलाच कसे झाले?’ याच्या उत्तराचा हा एक तुकडा. भारतात ही कमतरता दुर्मीळ नाही. पारशी समाजात आणि काही आदिवासी समाजांत ती बरीच आढळते. मलेरियाचे प्रायमाक्विन देण्याआधी डॉक्टर तिच्याविषयी विचारतात ते याच कारणाने.

आज जगात टीएनटी कमी ठिकाणी हाताने भरला जातो. पण स्फोटकांचे कारखाने आहेत, आणि नागपूर परिसरात ते बरेच आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगावजवळच्या कारखान्यातल्या स्फोटात नऊजण गेले, त्यात सहा स्त्रिया होत्या. स्फोटाची बातमी आता सेन्सॉर होत नाही. रोजच्या भुकटीची होत नाही ती बातमीच. अशा कामावर जाणाऱ्या बाईने किंवा पुरुषाने डॉक्टरकडे गेल्यावर ‘मजुरी’ एवढेच न सांगता नेमके काय हाताळतो ते सांगावे. डॉक्टरांनीही केसपेपरवरच्या ‘व्यवसाय’ या रकान्यात ते लिहावे. १७०० साली इटलीच्या रामाझिनी यांनी ‘तुमचे काम काय?’ हा प्रश्न तपासणीत घालायला सांगितला होता. त्या रकान्याचे वय तेवढे आहे. दर काही महिन्यांनी हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट आणि यकृताच्या चाचण्या कराव्यात. ओठ निळसर दिसले, लघवी गडद झाली, जेवण नकोसे झाले, तर कामावर जाण्याआधी दवाखाना. जेवणापूर्वी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत. घरी आणावेच लागले तर लहान मुलांच्या कपड्यांपासून वेगळे, वेगळ्या बादलीत धुवावेत.