सोनं कुणाचं, कुलूप कुणाचं

जुलै 1991 मध्ये मुंबईत रिझर्व्ह बँकेचं सोनं गुपचूप विमानतळाकडे निघालं होतं आणि नेमकी वाटेत गाडी बंद पडली. सोबतच्या अधिकाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरलेली. चार खेपांत मिळून सुमारे 47 टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण पडलं, हाती आले 40 कोटी डॉलर. मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं 20 टन सोनं, परत घेण्याच्या बोलीवर, स्टेट बँकेमार्फत स्वित्झर्लंडला विकलं होतंच. बातमी फुटल्यावर लोक चिडले ते कर्जापेक्षा सोनं घराबाहेर गेलं म्हणून. जाणत्यांना हा भाबडेपणा वाटला. मला वाटत नाही.

देशोदेशींच्या साठ्यांचे तक्ते टनांत मांडतात. अमेरिका 8,133, जर्मनी 3,350 च्या आसपास. पण जर्मनीचं सोनं जर्मनीत कुठे होतं? पन्नास-साठच्या दशकांत निर्यातीतून कमावलेलं ते सोनं बरंचसं न्यूयॉर्कला, फेडरल रिझर्व्हच्या तळघरातच राहिलं. तिथे व्यवहार झाला की साडेबारा किलोची वीट एका देशाच्या जाळीतून दुसऱ्याच्या जाळीत सरकते, झालं! द गॉलच्या फ्रान्सनं मात्र डॉलर देऊन सोनं पदरात घ्यायचा सपाटा लावला. पन्नासच्या दशकारंभी अमेरिकेकडे 20,000 टनांहून जास्त सोनं होतं. ते आटत गेलं आणि 15 ऑगस्ट 1971 ला राष्ट्राध्यक्ष निक्सननं 35 डॉलरला औंसभर सोनं देणारी खिडकीच बंद केली. जर्मनांनी न्यूयॉर्क आणि पॅरिसमधून 674 टन घरी नेलं ते 2013 ते 2017 या काळात.

ब्रिटननं 1999 ते 2002 दरम्यान 395 टन विकलं, औंसाला सरासरी 275 डॉलरच्या आसपास. आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं हा व्यवहार होऊ दिला नसता. दक्षिण कोरियात 1998 साली लोकांनी लग्नातल्या अंगठ्यासुद्धा रांगा लावून देशाच्या कर्जापायी दिल्या.

चलनाच्या साठ्याचं दुखणं वेगळं. 2014 च्या मध्याला चीनची गंगाजळी चार लाख कोटी डॉलरला टेकली होती. पण डॉलर, युरो म्हणजे शेवटी दुसऱ्याच्या वहीतली नोंद. 2022 मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर रशियाला ते कळलं. सुमारे 300 अब्ज डॉलरची मालमत्ता पाश्चात्त्य देशांनी गोठवली. घरच्या तिजोरीतल्या सोन्याला हात लावता आला नाही.

आपलं 1991 चं कर्ज त्याच वर्षी फिटलं, तारण सुटलं. सोनं तिकडेच राहिलं. 2009 मध्ये नाणेनिधीकडून 200 टन विकत घेतलं, 6.7 अब्ज डॉलर मोजून. मार्च 2024 अखेर एकूण 822 टनांपैकी 408 टन देशात होतं. त्यात त्याच आर्थिक वर्षात ब्रिटनहून आणलेलं 100 टनही आलं. देशातलं सोनं ठेवतात मुंबईत मिंट रोडवर आणि नागपुरात. गाडी बंद पडल्याची बातमी या वेळी आली नाही.