पंख घरचे, आकाश रायपूरचे

रायपूरच्या माना परिसरात विमान उतरताना दिसले, की रस्त्यावरचे मूल हमखास मान वर करते. 'असे विमान आपल्याला घरी करता येईल का?' हा प्रश्न त्यातल्या एखाद्याला पडतोच. उत्तर आहे, हो! जमिनीवर उभे राहून रेडिओलहरींनी चालवायचे छोटे विमान घरच्या टेबलावर तयार होते. मात्र त्यासाठी हौसेइतकाच धीर हवा.

हा छंद तसा जुना. १८७१ साली पॅरिसमध्ये अल्फोन्स पेनो यांनी पिळलेल्या रबरावर चालणारे विमान ११ सेकंद उडवले होते. त्यांच्याच रचनेवरचे एक खेळणे राइट बंधूंना लहानपणी वडिलांनी आणून दिले. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 'गफ' नावाचे मॉडेल रेडिओने चालवून दाखवले. आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेतील मुलामुलींना एअरोमॉडेलिंग शिकवले जाते. रायपुरातही ही शाखा आहे.

इस्त्री आईची, विमान मुलाचे

पारंपरिक मॉडेल बाल्सा या अतिशय हलक्या लाकडाचे असते. ते महाग पडते, म्हणून नवशिके थर्मोकोल किंवा फोमच्या पातळ शीटपासून सुरुवात करतात. सपाट फळीवर नकाशा पसरायचा, त्यावर प्लॅस्टिकचा कागद ठेवायचा आणि पंखाच्या फासळ्या एकेक करून चिकटवायच्या. फळी वाकडी असेल, तर पंखालाही पीळ बसतो आणि विमान एका बाजूला झुकते. सांगाडा पॉलिश पेपरने घासला, की त्यावर रंगीत फिल्म चढवायची. ती गरम इस्त्रीने चिकटते आणि ताणून बसते. इथे आईची इस्त्री पळवली जाते! फोमला मात्र इस्त्री लावू नये, तो वितळतो.

खरा मोह येतो तो शेवटी. आणखी एक रंगाचा हात, आणखी थोडी नक्षी... पण विमानाला प्रत्येक ग्रॅम उचलावा लागतो. त्यातही शेपूट नाकापेक्षा तोलबिंदूपासून लांब असते. त्यामुळे तिकडे एक ग्रॅम वाढला, तर तो तोलायला नाकाकडे दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात. साधारणपणे पंखाच्या रुंदीच्या पुढच्या पाव ते एक-तृतीयांश भागात विमान बोटांवर समतोल राहिले पाहिजे. शेपूट जड असलेले विमान पहिल्याच उड्डाणात कोसळू शकते.

घाई नको

मोटर, बॅटरी, रिसीव्हर आणि पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणारे सर्व्हो बसवले, की प्रत्येक पट्टी योग्य दिशेला वळते ना, हे तपासावे. घरात तपासणी करताना पंखा, म्हणजे प्रोपेलर, काढून ठेवावा. त्याने बोट कापू शकते. लिथियम बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नये, ती पेट घेऊ शकते. उन्हाळ्यात बंद मोटारीतही विमान ठेवू नये. रायपूरच्या उन्हाने फिल्म सैल पडते आणि पंख वाकतात. पावसाळ्यात बांधणी आणि हिवाळ्यातल्या शांत सकाळी उड्डाण, हेच वेळापत्रक बरे.

जागाही विचारपूर्वक निवडावी. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानेही येतात. विमानतळाच्या जवळपास परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही. ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यातही २०० फुटांची मर्यादा आहे. तेव्हा सरकारी नकाशा आणि नोंदणीचे नियम आधी पाहावेत. मैदान मोकळे असावे आणि तिथे माणसे, गुरे नसावीत.

आणि तो क्षण येतो! महिनोन्‌महिन्यांची मेहनत मिनिटभरात मातीत जाऊ शकते, म्हणून हात थरथरतात. विमान आपल्याकडे तोंड करून येते, तेव्हा डावे-उजवे उलटे भासते. नवशिके नेमके तिथेच चुकतात. म्हणूनच पहिल्या उड्डाणाला रिमोट अनुभवी माणसाच्या हाती द्यावा. त्यात कमीपणा कसला?

तरीही विमान पडलेच, तर मुलाला रागावू नका. तुकडे गोळा करा, कुठे चुकले ते त्यालाच शोधू द्या आणि गोंदाची बाटली पुन्हा उघडा. दुसरा पंख पहिल्यापेक्षा सरळ होतो, असा बहुतेक घरांचा अनुभव असतो.