ॲप बंद पडलं, तर स्मार्ट चार्जरचं काय होतं?

इलेक्ट्रिक कारसाठी घरी स्मार्ट चार्जर घेताना आपण आधी ॲप बघतो. वीज स्वस्त असेल त्या वेळेला चार्जिंग लावणं, किती युनिट लागले ते मोबाईलवर पाहणं, अशा सोयी त्यात असतात. पण ॲप चालवणाऱ्या कंपनीनेच गाशा गुंडाळला तर?

अमेरिकेत हे घडलंय. 'ज्यूसबॉक्स' चार्जर विकणाऱ्या 'एनेल एक्स वे'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतला व्यवसाय बंद केला. घरच्या चार्जरवर गाडी चार्ज होत राहील, पण ॲपची सेवा मिळणार नाही, असं कंपनीने ग्राहकांना सांगितलं.

ब्रिटनमध्ये याबाबत नियमच आहे. ३० जून २०२२ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या घरगुती चार्जरने नेटवर्क तुटलं तरी गाडी चार्ज केलीच पाहिजे. वीजपुरवठादार बदलला, तरी स्मार्ट सोयी सुरू राहिल्या पाहिजेत.

म्हणून दोन चार्जरची तुलना करताना हे तीन प्रश्न विचारा:

१. ठरवलेली वेळ चार्जरमध्ये साठते की कंपनीच्या सर्व्हरवर?

२. इंटरनेट नसताना ॲप ब्लूटूथवर चालतं का?

३. चार्जर 'ओसीपीपी'वर चालतो का? ही चार्जर आणि सर्व्हर यांच्यातली खुली भाषा आहे. कंपनीने कुलूप घातलं नसेल, तर चार्जर दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरला जोडता येतो.

आणि डेमो बघताना चार्जरचं वाय-फाय बंद करायला सांगा. त्यानंतर जे चालेल, तेवढंच खात्रीचं.