विश्लेषण : खोक्यावर ‘१००० एफपीएस’, पण छर्रा किती वजनाचा? स्प्रिंगच्या एअर रायफलमागचे ग्रेनचे गणित

एअर रायफल घेताना बहुतेकांची नजर खोक्यावर छापलेल्या वेगावर असते. छर्ऱ्यांचा डबा मात्र दुकानदार पुढे करील तो घेतला जातो. नळी मोडून भरायच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या रायफलीत नेम किती बसणार आणि ती किती वर्षे टिकणार, यातला मोठा वाटा अर्ध्या ग्रॅमच्या त्या छर्ऱ्याचाच असतो. छर्रा हलका असावा की जड, आणि त्याचा परवान्याशी काय संबंध?

ग्रेन म्हणजे किती?

छर्ऱ्याच्या डब्यावर वजन ग्रेनमध्ये लिहिलेले असते. साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. ४.५ मिमी, म्हणजेच ०.१७७ इंच व्यासाचे शिशाचे छर्रे बहुधा ७ ते १०.५ ग्रेनचे असतात. ७ ग्रेन म्हणजे ०.४५ ग्रॅम, ८.२ ग्रेन म्हणजे ०.५३ ग्रॅम आणि १०.३ ग्रेन म्हणजे ०.६७ ग्रॅम. याहून हलके, ५-६ ग्रेनचे छर्रे शिशाऐवजी दुसऱ्या मिश्रधातूचे असतात. खोक्यावरचे मोठे आकडे सहसा त्यांच्याच जिवावर छापले जातात.

स्प्रिंगच्या रायफलमध्ये चाप ओढल्यावर काय घडते?

नळी मोडली की आतला पिस्टन मागे जातो आणि स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते. पिस्टनपुढची मूठभर हवा एकदम दाबली जाते, तापते आणि छर्ऱ्याला नळीतून बाहेर फेकते. हे सारे सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास उरकते. पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी जवळजवळ पोहोचेपर्यंत छर्रा जागेवरून फारसा हललेलाच नसतो, ही यातली मेख.

त्या क्षणी पिस्टन आणि टोक यांच्यामध्ये फक्त दाबलेल्या हवेची गादी असते. छर्रा योग्य वजनाचा असेल तर तो ही हवा पुरेशी अडवून धरतो. पिस्टन गादीवर टेकतो आणि ऊर्जा छर्ऱ्याकडे जाते. छर्रा फार हलका किंवा नळीत सैल असेल तर तो लवकर निसटतो, गादी विरते आणि पिस्टन थेट धातूवर आदळतो. असा मार सतत बसला की स्प्रिंग वाकते, सील फाटते. छर्रा न भरता रिकामा बार काढू नये असे सांगतात, त्याचेही कारण हेच. हलका छर्रा म्हणजे अर्धवट रिकामा बारच म्हणायचा.

छर्रा फार जड असेल तर उलटे घडते. तो हवा जास्त वेळ अडवतो, दाब वाढतो आणि पिस्टन उसळी घेऊन मागे येतो. स्प्रिंगची ऊर्जा या उसळीतच वाया जाते. शिवाय स्प्रिंगची रायफल आधी मागे आणि मग पुढे असे दोन झटके देते. जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, त्यामुळे झटक्यांचा आणि पकडीतल्या चुकांचा परिणाम त्याच्यावर अधिक होतो. नवशिक्याचे छर्रे वर-खाली विखुरतात आणि दोष मात्र दुर्बिणीला दिला जातो!

दाबलेल्या हवेची टाकी असलेल्या पीसीपी रायफलमध्ये हा प्रकार नसतो. तिथे जड छर्ऱ्याला बहुधा जास्त ऊर्जा मिळते. त्यामुळे पीसीपीवाल्या मित्राचा सल्ला स्प्रिंगच्या रायफलला जसाच्या तसा लावू नये. स्प्रिंगऐवजी गॅस भरलेला सिलिंडर असणाऱ्या रायफलींना मात्र वरचे बरेचसे लागू पडते.

१००० एफपीएसचा दावा कितपत खरा?

शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिमीपर्यंत व्यास आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. यापैकी एकही मर्यादा ओलांडली की परवाना आला. ऊर्जा काढायचे सूत्र सोपे आहे : छर्ऱ्याचे ग्रॅममधले वजन गुणिले वेगाचा (मीटर प्रति सेकंद) वर्ग, भागिले २०००.

आता १००० फूट प्रति सेकंद म्हणजे सुमारे ३०५ मीटर प्रति सेकंद. ८.२ ग्रेनचा नेहमीचा छर्रा खरोखरच या वेगाने सुटला तर ऊर्जा साडेचोवीस ज्यूलच्या पुढे जाते. म्हणजे ती रायफल विनापरवाना विकताच येणार नाही. २० ज्यूलच्या आत राहून हा वेग गाठायचा तर छर्रा ०.४३ ग्रॅमपेक्षा, म्हणजे साडेसहा ग्रेनच्या आसपासपेक्षा हलकाच हवा. तेव्हा खोक्यावरचा आकडा खोटा असेलच असे नाही, पण तो ज्या छर्ऱ्यावर मोजला तो रोजच्या वापराचा नाही.

एवढ्या वेगाचा उपयोगही होत नाही. २० अंश तापमानाला ध्वनीचा वेग सुमारे ३४३ मीटर प्रति सेकंद असतो. कमरेत बारीक असलेला नेहमीचा छर्रा त्या वेगाच्या जवळ गेला की डळमळू लागतो आणि नेम बिघडतो.

१० मीटरवर वजनाने किती फरक पडतो?

समजा, रायफलची ऊर्जा १२ ज्यूल आहे आणि दोन्ही छर्ऱ्यांना ती सारखीच मिळते. ७ ग्रेनचा छर्रा सुमारे २३० मीटर प्रति सेकंद वेगाने सुटेल, १०.३ ग्रेनचा १९० ने. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर १० मीटरवर पहिला ९ मिमी खाली येतो, दुसरा साडेतेरा मिमी. साइट एकदा जुळवली की हा फरक संपतो. २५ मीटरवर मात्र तोच फरक पावणेतीन सेंटीमीटरच्या घरात जातो. दुसरीकडे, लांबवर जड छर्रा वेग टिकवून धरतो आणि वाऱ्याने कमी ढळतो.

डब्यातले छर्रे एकसारखे असणे याहून महत्त्वाचे. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घेऊन वीस छर्रे तोलून पाहिले की स्वस्त डब्याचे पितळ उघडे पडते. दहा मीटर एअर रायफल स्पर्धेत दहा गुणांचे वर्तुळ अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचे असते. तिथे मिलिमीटरचा काही भागही गुण खातो. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत विश्वविजेतेपद मिळवले ते याच प्रकारात. अर्थात, आजच्या स्पर्धेच्या रायफली दाबलेल्या हवेच्या असतात आणि त्यांचा वेग साधारण १७० मीटर प्रति सेकंदच असतो.

मग कोणता डबा उचलायचा?

१० ते १५ ज्यूलच्या स्प्रिंग रायफलला ७.५ ते ८.५ ग्रेनपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीसारखी मवाळ रायफल असेल तर ७ च्या आसपास. १०.५ ग्रेनचा हव्यास २० ज्यूलच्या जवळ जाणाऱ्या रायफलपुरताच ठेवावा. कागदी लक्ष्यासाठी चपट्या तोंडाचा छर्रा घ्यावा, कारण तो कागदाला स्वच्छ भोक पाडतो. २० मीटरच्या पुढे गोल तोंडाचा चांगला. पोलादी गोळ्या या नळीत घालू नयेत, आतले आटे खरवडले जातात.

तीन वजनांचे डबे आणून रायफललाच विचारणे उत्तम. डबा बदलल्यावर पहिले दहा बार मोजू नयेत, नळीला नव्या छर्ऱ्याची सवय व्हावी लागते. मग १० मीटरवर पाच-पाच बारांचे किमान तीन गट काढावेत. पुढचा हात रायफलखाली नुसता टेकलेला असावा, आवळू नये. गट लहान येतो तो डबा आपला. दोन डबे सारखेच ठरले तर ज्याला झटका आणि खणखणाट कमी तो घ्यावा, कारण पिस्टन त्याच्यावर अलगद टेकतो आहे.

लक्ष्यामागे छर्रा थोपवणारी वाळू किंवा जाड लाकूड हवेच, कारण दगड-लोखंडावरून छर्रा उलटा येतो. छर्रे तोंडात धरू नयेत आणि सराव झाल्यावर हात साबणाने धुवावेत, शिसे विषारी आहे. आणि गच्चीवरच्या पक्ष्यांवर नेम धरणाऱ्यांसाठी : परवाना लागत नाही तो रायफलला, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधून ती सुटका देत नाही.